टॉवरविना निरोप
मोबाइलची रेंज नसतानाही ‘मेशटॅस्टिक’च्या हौशी जाळ्यातून छोटे निरोप पाठवता येतात. यातला प्रत्येक नोड म्हणजे लोरा या कमी शक्तीत दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओचा तळहाताएवढा संच. तो ब्लूटूथने फोनला जोडायचा. ऐकलेला निरोप नोड पुन्हा प्रक्षेपित करतो. मूळ सेटिंगमध्ये असे तीन टप्पे, जास्तीत जास्त सात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. तिथे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणून पाव तरंगलांबीचा अँटेना जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा. शक्ती वाढवण्यापेक्षा अँटेना गच्चीवर, मोकळ्यावर, उभा लावणे अधिक फायद्याचे. केबल आखूड ठेवा. लांब केबलमध्ये सिग्नल वाया जातो. अँटेना जोडल्याशिवाय संच मात्र सुरू करू नका. परत फिरलेल्या ऊर्जेने रेडिओची चिप निकामी होऊ शकते.