कळलावी घरात लावावी का?

श्रावणात यावलहून सातपुड्याच्या दिशेने निघालात, की शेताच्या कुंपणांवर आणि काटेरी झुडपांवर चढलेली एक वेल दिसते. फुलाच्या पाकळ्या मागे वळलेल्या, कडा कुरळ्या, बुडाशी पिवळा रंग आणि टोकाला लालभडक. पेटत्या चुलीतल्या ज्वाळांसारखे हे फूल. हीच कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात, हिंदीत कलिहारी, आणि वनस्पतिशास्त्रात ग्लोरिओसा सुपर्बा. तामिळनाडूने तिला राज्यफूल केले आहे आणि दूर आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेचे ती राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडे मात्र ती दारात लावायला बायका घाबरतात.

डोंगराकडच्या गावांतून आमच्या शाळेत येणारी मुले पावसाळ्यात ही फुले हौसेने घेऊन येतात. एकदा एका तडवी मुलीने आणलेले फूल मी टेबलावरच्या पेल्यात ठेवले, तर सहकारी बाई म्हणाल्या, "मॅडम, हे बाहेर ठेवा. घरात आलं की भांडणं लागतात." नावच कळलावी, म्हणून ती कळ लावते, असा समज. दुसरा अर्थ सांगणारेही आहेत. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून पूर्वी दाया या कंदाचा लेप लावत, त्यावरून हे नाव पडले म्हणतात. दवाखाना हाताशी असताना हा प्रकार आज कोणी करू नये. बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवाशी खेळ आहे तो. भांडणाचे म्हणाल, तर शकुन-अपशकुनाला आपल्या दीनमध्ये जागा नाही. सासू-सुनेचे पटत नसेल तर त्याचा दोष वेलीवर ढकलणे सोपे असते, एवढेच.

पण अपशकुन खोटा म्हणून वेल निरुपद्रवी, असे कोणी समजू नये. तिची मुळापासून बीपर्यंत प्रत्येक गोष्ट विषारी आहे, त्यातही कंद आणि बिया सर्वांत जास्त. विषाचे नाव कोल्चिसिन. उकडून, भाजून ते जात नाही.

उर्दू वाचणाऱ्या घरांना हे विष वेगळ्या नावाने माहीत असते. युनानी दवाखान्यात सांधेदुखीवर माजून सुरंजान किंवा हब्बे सुरंजान मिळते ना, त्यातले सुरंजान म्हणजे कळलावीच्या दूरच्या नात्यातल्या एका वनस्पतीचा कंद. इब्ने सिना (980 ते 1037) यांच्या 'अल-कानून'मध्ये सांध्यांच्या दुखण्यावर सुरंजानचा उल्लेख आहे. हकीम लोक त्याचे दोन प्रकार सांगतात, शीरीं आणि तल्ख, म्हणजे गोड आणि कडू. कडू प्रकार पोटात घ्यायचा नाही हे त्यांना तेव्हाच कळले होते. पुढे 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले. आज संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे गाऊटवर, डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात, ती अर्ध्या मिलिग्रॅमची. औषध आणि विष यांच्यातले अंतर इतके थोडे आहे, आणि कंदात किती द्रव्य आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरी कंद उगाळून गुडघ्यांवर इलाज करणाऱ्या वडीलधाऱ्यांना अदबीने पण ठामपणे अडवावे.

हे विष पेशींची वाढ अडवते. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा आतून जे बारीक धागे ओढकाम करतात, ते धागे कोल्चिसिन बनूच देत नाही. म्हणून ज्या पेशी शरीरात सतत नव्या होतात, त्यांना पहिला फटका बसतो. आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळे. काही तासांनी घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग रोग्याला थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेक अवयव थकू लागतो. त्यातून वाचलेल्यांचे केस दोनेक आठवड्यांनी गळतात. गंमत अशी, की हाच गुण शेतीशास्त्रज्ञांनी कामाला लावला. रमजानमध्ये इफ्तारला आपण बिनबियांचे कलिंगड कापतो, ते जपानी शास्त्रज्ञांनी कोल्चिसिनच्या मदतीने तयार केले. मातृरोपाच्या कोंबावर ते वापरतात, फळात उतरत नाही, निर्धास्त खा.

इतके सगळे सांगूनही माझे मत असे, की घरात अगदी लहान मूल नसेल तर कळलावी जरूर लावावी. कण्हेर आपण पिढ्यान्‌पिढ्या अंगणात ठेवतोच, आणि तीही कमी विषारी नाही. बिट्टीच्या बियांनी तर मुले खेळतात! भीती अनोळखीची वाटते.

लावायची तर मेच्या शेवटी, मृगाच्या पावसाआधी. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद सडतो. त्यामुळे जमिनीपेक्षा मोठी कुंडी बरी. एक भाग माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग कुजलेले शेणखत. कंद नांगराच्या फाळासारखा वाकलेला असतो (लांगली हे नाव त्यावरूनच), तो आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती घालावी. टोकाचा कोंब फार नाजूक. तो मोडला तर कंद बहुधा उगवत नाही, तेव्हा हाताळताना तिकडे लक्ष. पानांचीच टोके स्प्रिंगसारखी वळून आधार धरतात, म्हणून जाड बांबूपेक्षा सुतळी किंवा बारीक तारेची जाळी द्यावी. अर्धा दिवस ऊन पुरे. दिवाळीनंतर वेल वाळते, मग पाणी बंद करावे. कंद मातीत झोपी जातो आणि पुढच्या पावसाळ्यात आपोआप उठतो.

खरा धोका याच झोपेच्या दिवसांत आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वेल दिसत नाही, कुंडी रिकामी वाटते. कोणी तिथे कोथिंबीर लावायला माती उकरतो आणि हाती रताळ्यासारखे काहीतरी लागते. श्रीलंकेत हे कंद रताळी समजून उकडून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कुंडीवर रंगाने मोठ्या अक्षरात 'विषारी कंद' लिहावे, घरात जी भाषा वाचली जाते त्या भाषेत. आमच्या कुंडीवर उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत. कंद काढून ठेवायचाच असेल तर स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांच्या टोपलीजवळ मुळीच नको. झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून, कुलपात.

दुसरी गोष्ट शेंगांची. फूल सुकले की हिरवी शेंग धरते, ती फुटली की आत नारिंगी-लाल दाणे दिसतात, मुलांना गोळ्यांसारखे वाटावेत असे. बी हवे नसेल तर फूल कोमेजताच देठासकट कापून टाकावे. काम करताना हातमोजे घालावेत, कात्री वेगळी असावी, नंतर साबणाने हात धुवावेत.

आणि बकऱ्या! आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी शेळी, शिवाय ईदसाठी पाळलेला बकरा. कापलेला पाला कोणी सहज त्यांच्यापुढे टाकतो. जनावरांनाही ही वेल तितकीच घातक आहे. पाला गल्लीत फेकू नये, खड्डा करून पुरावा. कुंडी गच्चीवर किंवा जाळीच्या आत असावी, फाटकाजवळ नको.

चुकून कोणी कंद किंवा दाणे खाल्लेच, तर उलटी होण्याची वाट पाहू नये. मिठाचे पाणी, दूध, लिंबू यांत वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने मोठा दवाखाना गाठावा. वेलीचा तुकडा पिशवीत घालून किंवा मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा. आता बरे वाटते म्हणून रोग्याला घरी आणण्याची घाई करू नये; का, ते वर आलेच आहे.

एक विनंती. कंद जंगलातून खणून आणू नका. यावल अभयारण्यातून झाडे काढायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि औषधासाठी कंद खणून-खणून ही वेल ठिकठिकाणी कमी झाली आहे. तामिळनाडूत शेतकरी तिची रीतसर शेती करतात, बिया औषध कंपन्यांना जातात. रोपवाटिकेतून कंद मागवता येतो. नाहीतर शेताच्या कुंपणावरच्या वेलीचे, मालकाला विचारून, चार दाणे आणावेत. बीपासून फूल यायला मात्र तीन-चार पावसाळे लागतात. माझ्या गच्चीवरच्या रोपांचा हा दुसरा आहे.