अंगणातलं आकाश

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या माणसाच्या अखंड मुक्कामाला २ नोव्हेंबर २०२५ रोजी २५ वर्षं झाली. नंदुरबार जिल्हा आणि हे स्थानक एकाच वर्षाचे. जिल्हा झाला १ जुलै १९९८ला, स्थानकाचा पहिला भाग वर गेला त्याच नोव्हेंबरात. पण पंचविशीच्या निमित्ताने अंगणात येऊन ते पाहणारे शहादा-तळोद्यात फार थोडे उरलेत.

१९५७चा स्पुटनिक, १९७९ची स्कायलॅबची घबराट हा ऐकीव गोष्टींचा काळ. उपग्रह पाहण्याचा छंद बहरला तो २००५ नंतरच्या दशकात, सायबर कॅफेमुळे. 'हेव्हन्स अबव्ह' या संकेतस्थळावर गावाचे अक्षांश-रेखांश भरायचे, वेळा वहीत उतरवायच्या आणि दिवेलागणीनंतर धाब्याच्या घराच्या माथ्यावर चढायचं. भारनियमनाला लोकांनी शिव्या घातल्या त्या रास्तच. पण त्या अंधारात आकाश थेट सातपुड्याला टेकलेलं दिसे. ४०० किलोमीटर उंचीवरचं स्थानक पश्चिमेकडून वर येई, विमानासारखं न लुकलुकता सरकत राही आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की भर आकाशात विझे. डिसेंबर २००६पासून सहा महिने त्यात सुनीता विल्यम्स होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्या गुजराती मुळांवर रकाने भरले. स्थानक आपल्या गावावरून किती वाजता जाणार, हे मात्र क्वचितच छापलं. दोन ओळी पुरल्या असत्या.

इरिडियमची मजा आणखी निराळी. या उपग्रहांच्या दाराएवढ्या, आरशासारख्या अँटेना ऊन थेट खाली परतवत आणि काही सेकंद शुक्रालाही फिकं पाडणारी झळाळी दिसे. तिचा पट्टा जमिनीवर मोजक्याच किलोमीटरचा. त्यामुळे नंदुरबारला डोळे दिपले, तरी शहाद्याला नुसता ठिपका दिसू शके. मग फोनवर वाद! २०१७पासून जुने इरिडियम खाली आणले जाऊ लागले आणि ती झळाळी गेली. २०१९पासून स्टारलिंक उपग्रहांच्या माळा दिसतात. लोक व्हिडिओ काढतात, पुढच्या संध्याकाळी पुन्हा वर बघत नाहीत.

शुभांशु शुक्ला २०२५च्या जून-जुलैत स्थानकात होते, ऐन पावसाळ्यात. ढगांचं काही करता येत नाही, पण चौकाचौकांतल्या हायमास्टचं येतं. त्यांचा पांढरा झोत वर सांडतो. वरून झाकण असलेले, खाली वळवलेले दिवे बसवले तर रस्ताही उजळेल, ताऱ्यांचीही सोय होईल. नासा हे स्थानक २०३० नंतर महासागरात उतरवणार आहे. त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने एका संध्याकाळी मुलांना मैदानात बोलवावं. वेळ मोबाइलवर फुकट मिळते, दुर्बीण लागत नाही.