बी पेरावे की रोप लावावे?

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या काळ्या जमिनीवर जूनचा पाऊस जोरात कोसळला आणि मागोमाग कडक ऊन पडले, की मातीवर पपडी धरते. भेंडीचे टपोरे बी ती फोडून वर येऊ शकते. टोमॅटोचे बी मात्र एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बसते. इतक्याशा बियातली शिदोरी वाटेतच संपते. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपे आधी गादीवाफ्यावर वाढवायची. भेंडी, गवार, मेथी थेट शेतात.

बियाइतकाच मुळाचा स्वभावही पाहावा लागतो. टोमॅटोचे सोटमूळ उपटताना तुटले तरी बाजूने नवी मुळे फुटतात. गाजर-मुळ्याचे तेच मूळ आपण खातो. ते दुखावले की त्याला फाटे फुटतात. भेंडी, काकडी, दोडका यांनाही मूळ तुटलेले सोसत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी केवडा रोगाशी झुंजण्यासाठी नावाजली, पण तीही टोकूनच लावायची.

लातूर जिल्ह्यात मात्र खरा हिशेब पाण्याचा आहे. 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. एक हेक्टर कांद्याला साधारण पाच गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. म्हणजे पहिले सहा-सात आठवडे पाणी, निंदणी आणि राखण तेवढ्याच जागेची. पेरलेल्या कांद्यासाठी तेवढेच दिवस सारे रान सांभाळावे लागते.

लावणीला मजूर मात्र भरपूर लागतात. मग आंबवणी-चिंबवणीच्या पाण्याच्या पाळ्या, मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरणे. मजूर मिळेनात म्हणून काही शेतकरी कांदा पेरतात, त्यात गैर काही नाही. थेट पेरलेल्या मिरचीचे सोटमूळही अखंड राहून खोल जाते; पुढे पावसाने ताण दिला, की ते कामी येते.

कोकोपीटच्या ट्रेने ही जुनी वाटणी पुसट केली आहे. मुळे गड्ड्यासकट निघतात, त्यामुळे काकडी-कलिंगडाचीही रोपे लावता येतात. फक्त ती दोन आठवड्यांच्या आसपासची, कोवळी हवीत. राज्याची ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना’ अशी रोपे वाढवणाऱ्या शेडनेट रोपवाटिकांना अनुदान देण्यासाठी 2020-21 मध्ये सुरू झाली.

शेजारच्या बिदर जिल्ह्यात तर तुरीचीही लागवड अशी होते. मे महिन्यात पिशवीत बी लावायचे आणि महिनाभराचे रोप चांगल्या पावसावर शेतात न्यायचे. बियाणे थोडके लागते आणि पेरणी लांबली तरी पिकाचे दिवस बुडत नाहीत. तुरीवर भिस्त असलेल्या लातूरकरांनी निदान बांधालगतच्या चार ओळींत हा प्रयोग करून पाहायला हवा.