वाळवंटातील वाटाड्या : मोटारसायकलसाठी स्वस्त दिशादर्शक यंत्र कसे निवडावे?



आपल्या मॉरिशस बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर व रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. येथे वाट चुकली तरी थोडे पुढे गेले की समुद्र दिसतो, नाही तर उसाच्या मळ्याजवळ एखादे दुकान लागते आणि दुकानदार रस्ता सांगतो. संयुक्त अरब अमिरातीचे तसे नाही. तो देश आपल्या बेटाच्या सुमारे चाळीसपट मोठा असून त्याचा बराच भाग वाळवंट आहे. दक्षिणेस लिवाच्या पलीकडे ‘रुब अल् खाली’ हे अफाट वाळवंट पसरले आहे. तेथे वाट चुकली आणि जवळचे पाणी संपले, तर जिवावर बेतते.

नोकरीनिमित्त दुबई-अबू धाबीला राहणाऱ्या तरुणांना हिवाळ्यात मोटारसायकलवरून फिरण्याची हौस असते. अल् ऐनजवळचा जबल हफीत, हत्ताचे डोंगर, रास अल् खैमाचा जबल जैस ही त्यांची आवडती ठिकाणे. जबल जैस १,९०० मीटरांहून उंच आहे. आपले सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल. शिवाय तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. आपल्या माणसाची सवय डावीकडची. अशा वेळी पुढचे वळण आधी सांगणारे यंत्र असेल, तर लक्ष रस्त्यावर राहते.

हे यंत्र चालते कसे? अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा ठरवते. मे २००० मध्ये अमेरिकेने संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली. तेव्हापासून सामान्य माणसालाही काही मीटरांपर्यंत अचूक जागा कळू लागली. या विद्येचा वारसा त्या भूमीला जुनाच आहे. पंधराव्या शतकातील थोर नाविक अहमद इब्न माजिद हा जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल् खैमाचा. त्या काळचे अरब नाविक लाकडी पाटी व गाठी मारलेली दोरी घेऊन ध्रुवताऱ्याची उंची मोजत आणि मार्ग ठरवत.

आता निवडीचा प्रश्न. प्रथम स्वतःला विचारावे : मी जाणार कोठे?

केवळ डांबरी रस्त्यांवर फिरणाऱ्याला मोबाइल पुरेसा आहे. नकाशे घरीच उतरवून घ्यावेत, म्हणजे डोंगरात संपर्क तुटला तरी अडत नाही. ऑर्गॅनिक मॅप्ससारखे नकाशे फुकट मिळतात. परंतु दोन अडचणी आहेत. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितले की, मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. तसेच आयफोन ३५ अंश उष्णतेपर्यंतच वापरावा, असे तीच कंपनी सांगते. अमिरातीतील उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून घरात पडून असलेला जुना फोन कंपन शोषणाऱ्या पकडीत बसवावा आणि रोजचा फोन खिशात ठेवावा. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग हाच.

दुसरा प्रकार म्हणजे बीलाइनसारखे लहान गोल यंत्र. ते मोबाइलशी जोडले जाते व बाणाने दिशा दाखवते. सरळ प्रवासाला ते चांगले. मात्र फोनची बॅटरी संपली की तेही थांबते.

तिसरा प्रकार खास मोटारसायकलसाठी बनविलेल्या यंत्राचा. गार्मिनचे झुमो एक्सटी २०२० मध्ये सुमारे ५०० डॉलरना, म्हणजे १,८०० दिरहमांच्या आसपास, बाजारात आले. हातमोजे घालून ते चालवता येते, उन्हात पडदा स्पष्ट दिसतो आणि पाण्याने बिघडत नाही. वाळूत व कच्च्या वाटेवर वारंवार जाणाऱ्यानेच एवढा खर्च करावा. असे यंत्र कोणी वापरलेले विकत असेल, तर पैसा वाचतो.

विकत घेताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. यंत्रात अमिराती व ओमानचे नकाशे आहेत काय? युरोपसाठी विकलेल्या यंत्रात ते नसण्याचा संभव असतो.
२. भर उन्हात पडदा वाचता येतो काय?
३. गाडीच्या बॅटरीवरून वीज घेण्याची तार व फ्यूज सोबत मिळतो काय?
४. मित्राने दिलेला जीपीएक्स मार्ग त्यात भरता येतो काय?

मोटारगाडीचे जुने यंत्र स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. ते ऊन, धूळ आणि धक्के यांसाठी केलेले नसते.

कोणत्याही यंत्रावर पूर्ण विसंबून राहू नये. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धाच्या वेळी आखातातील जहाजांच्या जीपीएस संकेतांत मोठा व्यत्यय आला होता. म्हणून कागदी नकाशा बरोबर घ्यावा, भरपूर पाणी ठेवावे, एकट्याने वाळूत शिरू नये आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. पोलिसांचा ९९९ हा क्रमांक पाठ असावा. चालत्या गाडीवर मोबाइल हातात घेऊ नये; २०१७ च्या नियमांत त्यासाठी ८०० दिरहम दंड ठरविला गेला. मार्ग निघण्यापूर्वीच भरून ठेवावा.

तिकडे असलेल्या आपल्या मुला-भाच्यांना या चार गोष्टी अवश्य कळवाव्यात. यंत्र स्वस्त असो वा महाग, ज्याची वाट घरी कोणी पाहत आहे त्याने सुखरूप परत येणे महत्त्वाचे.