पेसाखची रोटी, साखरेचा बुडबुडा आणि आमची 'पित्रिया'



सण जवळ आला की आपल्या बायका कपाटं रिकामी करतात, पावाचा चुरा शोधतात, यीस्टची पाकिटं बाहेर काढतात. आपले जुने लोक कोकणात पेसाखला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, म्हणजे आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवण्याचा सण. आंबवणारी वस्तू आठ दिवस दूर ठेवायची, ही शिकवण त्या नावातच होती.

आज मात्र आम्ही दुसऱ्याच यीस्टबद्दल लिहीत आहोत. ते घरात नाही, अंगावर असतं. इथले डॉक्टर त्याला 'पित्रिया' म्हणतात. आपल्यात त्याचं नाव घ्यायलासुद्धा लाज वाटते. त्या लाजेपायी आमच्या घरात एक माणूस जाता जाता वाचलं. म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको मिळून हे लिहायला बसलो.

काय घडलं

2022 सालच्या पेसाखनंतर आम्ही दोघांनी खाणं बदललं. दोघांनाही डायबेटिस. भात, पोळी, बटाटा, साखर बंद, आणि त्याऐवजी अंडी, मासे, अवोकादो, तहिना, नारळाचं दूध, ऑलिव्हचं तेल. कमी पिठाचं, जास्त तेलातुपाचं खाणं. अशा खाण्याला हल्लीची मुलं 'कीटो' म्हणतात. तीन आठवड्यांत शुगर उतरली, पँट ढिली झाली. आम्ही खूश!

मग दोन गोष्टी सुरू झाल्या. बाईंची कवळी घासायला लागली, टाळू लालभडक झाला, ओठांचे कोपरे फाटले. आणि बाबांना नको त्या जागी खाज. बाबांनी दीड महिना कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

शेवटी एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, हे चांगलं लक्षण! तू साखर तोडलीस म्हणून यीस्ट मरतंय. मरताना विष सोडतं. मळमळ होईल, अंग गळेल, पण सोडू नकोस. उरलेली भाकरी पण बंद कर."

भाकरी बंद केली. ऑगस्टमध्ये तिशा बेआव आला, आपला बिरड्याचा सण. उपास धरला. दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटात कळ, श्वास जोरजोरात. यंत्रावर शुगर पाहिली तर 180. "शुगर तर बरी आहे, हे यीस्टच मरतंय," असं म्हणून आम्ही बसून राहिलो. संध्याकाळी सुनेचा फोन आला. तिने श्वासाचा आवाज ऐकला आणि आम्हाला न विचारता 101 ला, मागेन दाविद आदोमला, फोन लावला.

दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं की रक्तात आम्ल साचलं होतं. त्याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. चार दिवस सलाईन आणि इन्सुलिन. यीस्ट मरत नव्हतं, माणूस मरत होता.

आता बाळांसाठी एक प्रयोग

हे नीट समजायला, बाळांनो, पेसाख संपल्यावर आजीला विचारून हा प्रयोग करा. दोन रिकाम्या बाटल्या घ्या. दोन्हींत कोमट पाणी आणि एक एक चमचा पावाचं यीस्ट घाला. एकीत दोन चमचे साखर घाला, दुसरीत घालू नका. तोंडाला फुगे लावा. अर्ध्यापाऊण तासाने पाहा. साखरेच्या बाटलीचा फुगा उभा राहतो, दुसरा पडूनच असतो. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. हाला फुगतो तो यामुळेच.

हे पाहून कोणालाही वाटेल की साखर बंद केली की यीस्ट उपाशी मरणार. आम्हालाही तेच वाटलं. पण यात दोन चुका आहेत.

पहिली, पावाचं यीस्ट आणि अंगावरचं यीस्ट एक नव्हे. अंगावरच्याला कॅन्डिडा म्हणतात. पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ते गुपचूप राहत असतं. पाव खाऊन ते लागत नाही. पावातलं यीस्ट तर भट्टीतच मरतं.

दुसरी, माणूस म्हणजे बाटली नव्हे. आपण साखरेचा कण खाल्ला नाही तरी रक्तात साखर असतेच. धडधाकट माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण एक चहाचा चमचा. ती संपू लागली की कलेजी नवी बनवते, नाहीतर मेंदू चालणार नाही. तेव्हा खाण्यातून यीस्टला पुरतं उपाशी मारता येत नाही.

जाणकारांनी हे तपासूनही पाहिलं आहे. 1983 साली अमेरिकेत डॉ. विल्यम क्रूक यांचं एक पुस्तक आलं. थकवा, डोकेदुखी, उदासी अशा नाना तक्रारींचं खापर त्यात यीस्टवर फोडलं होतं. ते खूप खपलं. 1990 साली डॉक्टरांनी अशा तक्रारी असलेल्या बायकांना यीस्टचं औषध आणि खोटं औषध आलटून पालटून दिलं. थकवा-उदासी दोन्हींनी सारखीच कमी झाली. 1999 साली जर्मनीत धडधाकट माणसांना मुद्दाम जास्त साखर खायला घातली, तरी आतड्यातलं यीस्ट फारसं वाढलं नाही.

मग डायबेटिसवाल्यांना पित्रिया जास्त का होते? कारण रक्तात साखर चढली की ती लघवीत, थुंकीत उतरते आणि अंगाची लढायची ताकद कमी होते. म्हणून शुगर ताब्यात आणणं हा पित्रियावरचा खरा इलाज. त्यात पीठ-साखर कमी खाण्याचा उपयोग होतो. पण उपयोग होतो तो शुगर उतरते म्हणून, यीस्ट उपाशी राहतं म्हणून नव्हे.

गोळीची गोष्ट

आमच्या बाबांना डायबेटिसची एक नवी गोळी चालू होती, डापाग्लिफ्लोझिन. एम्पाग्लिफ्लोझिन ही तिचीच बहीण. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा फार फायदा होतो, म्हणून खूप लोकांना देतात. पण लघवीत साखर उतरली की त्या जागी यीस्टला जेवण मिळतं. बाबांची खाज आली ती तिथून. खाण्यात साखर नव्हती तरी लघवीत होती!

आणि मोठा धोका पुढे आहे. ही गोळी चालू असताना पीठ-भात अगदी बंद केला, किंवा उपास धरला, किंवा उलट्या-जुलाब झाले, तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साचू शकतं. यंत्रावर शुगर तेव्हा 180-200 च दिसते. माणूस फसतो.

म्हणून ही गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता असं खाणं सुरू करू नये. आणि गोळीही आपल्या मनाने कायमची सोडू नये. किप्पूर आणि तिशा बेआवच्या आधी डॉक्टरांना विचारा की गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि उपास धरावा की नाही. मग रावना विचारा. जीव वाचवणं हे आपल्या धर्मात उपासापेक्षा मोठं आहे. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांनाही सांगतो, पीठ कमी केलं आणि डोस तोच ठेवला तर शुगर एकदम पडते, चक्कर येते.

मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास, तोंडाला गोडसर वास, खूप गळाठा, यातलं काही दिसलं तर शुगर कितीही असो, कीटोन तपासायला सांगा. 101 ला फोन करा.

पित्रिया झाली तर

तोंडात: पांढरे डाग पुसले की खाली लाल दिसतं. कवळी असेल तर पांढरं न दिसता नुसता लाल टाळू असतो. कवळी रात्री काढायची, घासून धुवायची आणि भिजत ठेवायची. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरायची. पिठाचं खाणं तोडलं की पहिल्या दिवसांत लघवी जास्त होते आणि तोंड सुकतं. सुक्या तोंडात यीस्ट वाढतं. म्हणून घोट घोट पाणी पीत राहा, आमच्या नेगेवच्या उन्हात तर जास्तच.

कातडीत: छातीखाली, जांघेत, पोटाच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात. धुवून कोरडं करायचं, सुती कपडे घालायचे. पोहून आल्यावर ओला पोशाख लगेच बदलायचा.

खालच्या जागी: साबणाने घासघासून आत धुऊ नका. लसूण, व्हिनेगर लावू नका, कातडी भाजते. खोबरेल तेल, दही यांवर भरवसा ठेवू नका. बिनसाखरेचं दही खायला चांगलं आहे, पण ते औषध नव्हे. पहिल्यांदाच झालं असेल किंवा परत परत होत असेल तर दाखवा. कधी कधी त्यातूनच डायबेटिस पहिल्यांदा सापडतो.

औषधं साधी आहेत, मलम, थेंब नाहीतर गोळी. सांगितलेले दिवस पुरे करा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. एक गोष्ट मात्र आठवणीने सांगा: रक्त पातळ करणारी कुमादिन घेत असाल तर फ्लुकोनाझोलची गोळी, आणि तोंडात लावायची मायकोनाझोलची जेलसुद्धा, रक्त जास्तच पातळ करते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही यांचं जमत नाही.

आता आम्ही काय खातो

बाबांची गोळी डॉक्टरांनी बदलली. आहाराच्या बाईंनी दुपारी एक भाकरी परत सुरू केली. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, भरली वांगी, अंडी, काकडी, मूठभर बदाम. कोंबडीबरोबर लोणी चालत नाही, पण नारळाचं दूध चालतं. आपल्या आजीपणजींनी हा मार्ग आधीच काढून ठेवला आहे! शब्बातला मनुकांच्या शरबताचा किद्दुश घोटभर. नव्याच्या सणाला हलव्याची एकच वडी.

आणि पेसाखला? एका आठवड्यात यीस्ट नाही म्हणून शुगर उतरेल असं समजू नका. मात्सा म्हणजे पीठच. मशीनच्या एका मात्सात सुमारे 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. सेदेरला किती खायचा हे आधी ठरवून ठेवा.

कूपत होलीमला जाताना आम्ही आता एक चिठ्ठी नेतो. तिच्यावर सगळ्या गोळ्या, काय खाणं बंद केलं आणि कुठे खाज येते, सगळं लिहितो. तोंडाने सांगायला लाज वाटते, ना हिब्रू शब्द सापडतो. चिठ्ठी पुढे केली की आखोत वाचते. तिला काहीच वाटत नाही, रोज दहा जणांचं तेच ऐकते. बाळांनो, आजी-आजोबांची चिठ्ठी हिब्रूत लिहून द्यायचं काम तुमचं. त्यात काय लिहिलं म्हणून हसायचं नाही.

आपण हामेत्स शोधताना कोपरान् कोपरा दिवा घेऊन पाहतो. तसाच हाही कोपरा उजेडात आणू या. ज्यांना बरं नाही त्यांना रेफुआ शलेमा, आणि सर्वांना सणाच्या शुभेच्छा. शालोम!