लाख किलोमीटरला घाबरू नका, खाऱ्या हवेला घाबरा
लेखमाला ‘जुनी गाडी घेताना’ : भाग 6

रविवारी कळंब किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर गेलात, तर पर्यटकांची एखादी गाडी वाळूत रुतलेली हमखास दिसते. भरती चढायच्या आत ती बाहेर काढायची असते, आणि ते काम गावातला ट्रॅक्टर नाहीतर कुणाची तरी जुनी बोलेरो करते. अर्नाळ्याला फायबरची लहान होडी ट्रेलरवरून पाण्याकडे न्यायची, लग्नसराईत जनरेटरची ट्रॉली हॉलवर पोचवायची, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांपाशी बंद पडलेला टेम्पो टोचन करून गॅरेजला आणायचा, अशी ओढकामं वसई तालुक्यात बारमाही निघतात. त्यासाठी नवी गाडी कुणी घेत नाही. म्हणून दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, सुमो शोधल्या जातात.

गिऱ्हाईक आलं की आधी मीटरवर वाकतं. माझ्या मते मीटर सगळ्यात शेवटी बघावं. अहमदाबाद महामार्गावर एका लयीत धावून दोन लाख झालेली डिझेल गाडी, नालासोपाऱ्याच्या गर्दीत अर्धा क्लच दाबून साठ हजार झालेल्या गाडीपेक्षा अनेकदा धडधाकट असते. लांबच्या प्रवासात इंजिन नीट तापतं, गिअर कमी बदलावे लागतात, ब्रेक कमी लागतो. शिवाय मीटर पाडता येतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आकडा ऐंशी हजार आणि क्लचच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली, असं दिसलं की आकड्याचा विषय संपला. टायरवरचे शेवटचे चार अंकही वाचा: 2219 म्हणजे 2019 सालातला बाविसावा आठवडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदी मालकाकडून मागून घ्या. द्यायला तो का-कू करू लागला तर कारण विचारत बसू नका, पुढची गाडी बघा.

आता गाडीची जात. ओढकामासाठी वेगळी, शिडीच्या आकाराची पोलादी चॅसी असलेलीच गाडी घ्यावी. 1994 ची सुमो, 2000 ची बोलेरो, 2002 ची स्कॉर्पिओ ही सगळी त्या घराण्यातली. 2011 साली आलेली एक्सयूव्ही 500 दिसायला धिप्पाड, पण तिला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. सफारीच्या बाबतीत तर नावावर जाऊच नका. 1998 पासून 2019 पर्यंतची सफारी चॅसीवरची, 2021 ला त्याच नावाने आलेली गाडी तशी नाही. बिनचॅसीच्या गाड्या वाईट असतात असं नाही, परदेशात त्या ट्रेलर ओढतातही. पण तिथे कंपनी ओढायच्या वजनाचा आकडा छापून देते, हूक कुठे बसवायचा ते ठरवून देते. आपल्याकडे हूक बसवणारा बहुधा वेल्डिंगवाला असतो. त्याच्या हाताला जाड पोलादच हवं.

पण इथल्या गाडीचं हे पोलादच आधी जातं. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या पट्ट्यात खारा वारा वर्षभर अंगावर असतो, त्यात किनाऱ्यावर उतरलेली गाडी खालून समुद्राचं पाणी घेऊन घरी येते. ते धुतलं नाही की मीठ चॅसीच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून खायला लागतं. वरून रंग शाबूत असतो. म्हणून गाडी पिटावर किंवा रॅम्पवर घ्या, लहान हातोडीने मागचा आडवा दांडा आणि दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर ठोकत जा. चांगलं पोलाद खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तिथेच जास्त ठोका. विकायच्या आदल्या आठवड्यात कुणी गाडीवर प्रेम म्हणून खाली रंग मारत नाही. पाट्यांचे हँगर, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, डिझेल टाकीचे पट्टे आणि चॅसी नंबर जिथे कोरलेला असतो ती जागा, एवढं बॅटरीच्या उजेडात बघा. नंबर गंजून वाचता येत नसेल तर पासिंगच्या वेळी तुमचीच पंचाईत होणार.

दुसरं पाणी पावसाचं. जुलै 2018 मध्ये वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्यात होतं, आणि इमारतींच्या खालच्या पार्किंगमधल्या गाड्या काही वर चढून बसल्या नव्हत्या. सीट बेल्ट टोकापर्यंत ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. कार्पेट उचला, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी आहे का बघा. अशी गाडी चालते, पण कधी बंद पडेल ते सांगता येत नाही, आणि मागे होडी असताना ती बंद पडणं महागात जातं.

इंजिन बघायला सकाळी जा, आणि न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली आहे. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर भसाभस वाफ आली तर पिस्टन-रिंगा दमल्या, इंजिन काम मागतंय. रेडिएटरचं पाणी मात्र इंजिन थंड असतानाच बघा. त्यात तेलाची साय दिसली तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. मग चढावर न्या. गायमुखचा घाट जवळच आहे. वरच्या गिअरमध्ये दाबून चालवा: इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. वजन ओढणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी क्लचच मरतो, त्यातही ट्रेलर रिव्हर्समध्ये चढावर घेताना. गिअर टाकताना मागून ‘टक’ असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेलाय, वेगात सलग घुमणारा आवाज असेल तर डिफरेन्शियल बघावं लागेल. क्रॉस स्वस्तात होतो. डिफरेन्शियलचं काम निघालं तर भावात तेवढे पैसे कापून घ्या.

ओढण्याची ताकद सगळे विचारतात, थांबण्याची कुणी विचारत नाही. जनरेटरची ट्रॉली सहज पाऊण टन ते एक टन भरते आणि तिला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच. उतारावर ती गाडीला मागून रेटते. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला 750 किलोची मर्यादा आहे. आपणही तो आकडा मनाशी धरावा, त्यापुढचं वजन ट्रॅक्टरवर सोडावं. भाराचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. त्याहून कमी आला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवतो, फार जास्त आला तर गाडीचं तोंड उचलतं. हूक चॅसीला बोल्टने धरलेला हवा. बंपरला वेल्ड केलेला हूक मी तरी फुकट दिला तरी घेणार नाही.

स्वस्त मिळते म्हणून दिल्लीची गाडी घेणाऱ्यांना एक सांगणं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे 2015 पासून हरित लवादाचा आणि 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाचा बडगा आला, तेव्हापासून त्या गाड्या पडेल भावात राज्याराज्यांत पसरल्या. किनाऱ्यापासून दूर वाढल्यामुळे चॅसी बऱ्याचदा छान असते, हे खरं. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच 48 चा नवा नंबर हे सगळं बेरजेत धरलं की स्वस्ताई बरीच आटते. पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर वेगळा. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय, आणि मालकाच्या सह्या फॉर्म 29 व 30 वर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ई-चलनं आधी ऑनलाइन बघून घ्यावीत, तीही गाडीबरोबर तुमच्याकडे येतात.

विम्याचं कलम मात्र कुणी वाचत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. बंद पडलेली एक गाडी मदत म्हणून ओढणं चालतं, पण वाळूतली गाडी पाचशे रुपये घेऊन काढलीत आणि साखळी तुटून कुणाला लागली, तर कंपनी त्या पाचशे रुपयांवर बोट ठेवणार. ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी आणि विमा वेगळा. मोटार टोचन करताना वेग ताशी 25 किलोमीटरच्या वर नको, दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसनवाला माणूस हवा. जनरेटर भाड्याने देणं हाच धंदा असेल तर खासगी नंबरची गाडी घेऊच नका. पिवळ्या पाटीची पिकअप बघा. तिचं पासिंग, परमिट आणि पिकअपमध्ये बोलेरो की झेनॉन, हे पुढच्या आठवड्यात.