कुत्र्याच्या पिलाचा श्वास व पोट : दवाखान्यांत केव्हां न्यावें ?

बैलानें एक वेळ वैरण टाकली तर सारें घर गोठ्यांत जमतें. परंतु राखणीच्या कुत्र्याचें पिलूं दोन दिवस निपचित पडलें, तर "उकिरड्यावर कांहींतरी खाल्लें असेल" एवढें म्हणून आपण मोकळे होतों. आम्हीहि त्याच मासल्याचे. चाकरींत असतां पीकपाहणीच्या नोंदी वेळच्या वेळीं केल्या, पण घरच्या पिलाच्या दुखण्याची वेळ मात्र आम्हांस ओळखतां आली नाहीं.

गेल्या ज्येष्ठांत शेजारच्या मळ्यांतून एकाच विणीचीं दोन पिलें आणिलीं. वय सुमारें दोन महिने. एकास सकाळीं ओकारी झाली, दुपारीं पातळ शौच झालें. आम्हीं ताकांत हळद कालवून बोंडल्यानें बळेंच पाजली. रात्रीं शौचांत रक्त पडलें, दुर्गंधि सोसवेना. पहांटे श्वास घरघरूं लागला. तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचण्यापूर्वींच तें गेलें. दुसरें पिलूं तिसऱ्या दिवशीं ओकलें, तें त्याच तासास नेलें. चार दिवस शिरेंतून सलाइन दिल्यावर तें वांचलें व आज मळा राखतें.

डॉक्टरांनीं सांगितलें कीं, हा पार्व्हो नांवाच्या विषाणूचा रोग. आणि घरघर ? अशक्त, ओकणाऱ्या पिलाच्या तोंडांत ओतलेला द्रव फुप्फुसांत उतरूं शकतो. म्हणजे रोगास आम्हींच हातभार लावला असावा.

श्वास ओळखण्याची रीति सोपी आहे. पिलूं गाढ निजलें असतां त्याची छाती मिनिटांत किती वेळां वर येते, तें घड्याळ लावून मोजावें. निरोगी पिलाची ही संख्या बहुधा १५ ते ३५ असते. स्वप्नांत पाय झाडीत असेल तेव्हां मोजूं नये. खेळून किंवा उन्हांतून आल्यावर धापणें स्वाभाविकच. सावलींत थोड्या वेळानें तें शमतें. परंतु विश्रांतींतहि श्वास ४० च्या वर राहिला, प्रत्येक श्वासास पोट आंत ओढलें जाऊं लागलें, किंवा पिलूं मान ताणून, कोंपरें फांकवून बसलें व आडवें होईना, तर मोजीत बसूं नये. ओठ उचलून हिरड्या पाहाव्या. गुलाबी असल्या तर ठीक. पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसल्या तर त्याच घटकेस निघावें. हिरड्या जन्मतःच काळ्या असल्यास जिभेचा रंग पाहावा.

एकदां ओकून पिलूं पुन्हां शेपूट हलवीत हिंडूं लागलें, तर थोडें थोडें पाणी ठेवून लक्ष द्यावें, एवढें पुरे. वारंवार ओकारी, पाणीहि न ठरणें, शौचांत रक्त, किंवा हांक मारली तरी न उठणें, यांपैकीं एकहि दिसलें तर तोच दिवस दवाखान्याचा. खांद्यावरचें कातडें चिमटींत धरून सोडावें. तें लगेच न बसतां उभें राहिलें, तर अंगांतील पाणी आटलें आहे. मनुष्याची तापाची गोळी मात्र देऊं नये. ती कुत्र्यास विषारी ठरते.

नगाऱ्यासारखें पोट व हडकुळें अंग पाहून "चांगलें पोसलें आहे" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात ! तें बहुधा जंतांचें पोट. हे जंत आईच्या उदरांतून व दुधावाटे येतात. त्यांच्या अळ्या फुप्फुसांतून घशांत चढून पुन्हां आंतड्यांत उतरतात, म्हणून अशा पिलास खोकलाहि होतो. जंतांचें औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्यानें सुरू करावें. अंगणांत मुलें खेळतात, त्यांसहि या जंतांची बाधा होते.

फवारणीच्या दिवसांत लाळ गळणें, ओकारी, अंगाची थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या व अडखळता श्वास हीं एकत्र दिसलीं, तर कीटकनाशकाचा संशय धरावा. मिठाचें पाणी पाजून ओकवूं नये. औषधाचा डबा बरोबर न्यावा. त्यावरील नांवावरून उतारा ठरतो.

मेलेल्या पिलाचें पोतें आम्हीं जाळलें, फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुतली. पण अंगणाची माती धुतां येत नाहीं, आणि तींत हा विषाणु वर्षभरहि टिकूं शकतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत टोंचावी लागते. शेजारी नवें पिलूं देऊं करीत आहेत. तें शेवटची लस झाल्यावरच आणूं, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.